ऑक्टेनचा आकडा आणि त्याची किंमत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा एखाद्या संपाचा किंवा टाळेबंदीचा इतिहास ऐकावयास मिळेल अशी त्यांची समजूत असावी. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, तेव्हा ही समजूत चुकीची म्हणता येणार नाही. आम्ही मात्र विषय कळवला तो पेट्रोलचा. चालकांपैकी एक गृहस्थ हसून म्हणाले, "अण्णा, पेट्रोलला भाव असतो, इतिहास कसला?" त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान होय.

विषय सुचला तो पिकअपच्या स्टँडवर. आमच्या संघटनेत छोट्या मालवाहू गाड्या चालवणारे बरेच सभासद आहेत. त्यांतल्या एका तरुणाने नुकतीच कर्ज काढून पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. तो आम्हांला विचारू लागला, "पंपावर साधे पेट्रोल मिळते, पंच्याण्णवचे मिळते, आता शंभराचेही मिळते म्हणतात. महाग टाकले तर गाडी जास्त ओढेल का?" आम्ही तरुणपणी पाच वर्षे गॅरेजात काढली असल्याने उत्तर तोंडावर होते. परंतु ते उत्तर देताना आमच्या मनात आले, की हा आकडा पंपावर आला कोठून, हे या मुलाला ठाऊक नाही. आणि गॅरेजात होतो तेव्हा आम्हांलाही ठाऊक नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या बाकावर बसून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगावयास हवी. पेट्रोलच्या इंजिनात सिलिंडर असतो आणि त्यात पिस्टन वरखाली होतो. पिस्टन खाली जाताना हवा व पेट्रोलची वाफ आत ओढतो, वर येताना ते मिश्रण दाबतो. दाबलेल्या मिश्रणात प्लगची ठिणगी पडते, ते पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. जर्मनीच्या निकोलाउस ओटोने १८७६ साली चालते केलेले चार फेऱ्यांचे इंजिन ते हेच. यातली मेख अशी, की मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलातून अधिक काम निघते. मग वाटेल तितके का दाबू नये? कारण दाबताना मिश्रण तापते. ठिणगी पडल्यावर ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने जावयास हवी. पण फार दाबले, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले शिल्लक मिश्रण आपोआप भडकते. मग हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येतो. गॅरेजात त्याला नॉकिंग म्हणतात. असे ठोके खात इंजिन चालत राहिले, तर पिस्टनचा माथा जळतो, रिंगा तुटतात, हेडचे गास्केट जाते.

कोणते पेट्रोल किती दाब सोसून गप्प बसते, त्या सोशिकतेचे माप म्हणजे ऑक्टेनचा आकडा. तो शक्तीचा आकडा नव्हे, शुद्धतेचा नव्हे, स्वच्छतेचाही नव्हे. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा इतिहास समजेल.

आता पिकअपकडे येऊ. मागे उघडा हौदा असलेली छोटी मालगाडी कारखान्यातून तयार करून विकण्यास हेन्री फोर्डच्या कंपनीने १९२५ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. त्याआधी शेतकरी व दुकानदार मोटार विकत घेत आणि सुताराकडून तिच्यावर पेटी बसवून घेत. फोर्डने आपल्या 'मॉडेल टी'वरच हौदा बसवला आणि किंमत ठेवली २८१ डॉलर. तिचे इंजिन सुमारे २.९ लिटरचे, आणि शक्ती म्हणाल तर अवघी २० अश्वशक्ती. आज याच्या निम्म्याहूनही लहान इंजिन तिच्या दुपटीतिपटीने ओढते. हे कसे? इतर सुधारणा पुष्कळ झाल्या. पण एक मोठे कारण दाबाचे आहे. मॉडेल टी आपले मिश्रण सुमारे चारास एक इतकेच दाबत असे. आजची इंजिने दहास एक किंवा त्याहून अधिक दाबतात. फोर्डची ती गाडी बिचारी भोळी होती. हलक्यातले हलके पेट्रोल तिला चाले. तिला ऑक्टेनच्या आकड्याची गरज नव्हती आणि तो आकडा तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

गरज भासली ती दुसऱ्या गोटात. ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा एक हुन्नरी इंजिनियर होता. मोटार सुरू करण्यासाठी समोर उभे राहून हँडल फिरवावे लागे, तो त्रास त्याने विजेच्या स्टार्टरने घालवला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. परंतु इंजिने ठोकू लागली तेव्हा लोकांनी बोट दाखवले ते केटरिंगच्याच नव्या बॅटरी-इग्निशनकडे. शिवाय खेड्यांतल्या घरांसाठी त्याने काढलेली वीजयंत्रे रॉकेलवर चालत, आणि रॉकेल तर पेट्रोलहूनही अधिक ठोके मारी. केटरिंगने हा प्रश्न १९१६ साली आपल्याकडे आलेल्या टॉमस मिज्ली या तरुणाकडे सोपवला. मिज्ली शिकलेला यंत्र-इंजिनियर. रसायनशास्त्र त्याने गरजेपोटी स्वतःच वाचून आत्मसात केले. त्या एका बाबतीत आम्हांला त्याच्याविषयी आपुलकी वाटते.

त्याचा पहिला तर्क मोठा मजेदार होता. इंधनाला लाल रंग दिला तर ते उष्णता लवकर शोषील व ठोके थांबतील, असे त्याला वाटले. तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्याने आयोडीन टाकले, आणि ठोके खरोखरच थांबले! मग दुसरे लाल रंग आणून टाकले. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणजे तर्क चुकला, पण दार उघडले. पेट्रोलात चिमूटभर परका पदार्थ टाकून त्याचा स्वभाव बदलता येतो, हे कळले. पुढची पाच वर्षे एकामागून एक पदार्थ तपासण्यात गेली. ॲनिलीन चालले, पण त्याला दुर्गंधी. टेल्युरियमची घाण तर अंगातून कपड्यांत आणि कपड्यांतून घरात जाई. अखेर १९२१ च्या ९ डिसेंबरला एक दाट, तेलकट, जड द्रव सापडला. टेट्राएथिल लेड त्याचे नाव. गॅलनमागे काही थेंब पुरेत, आणि इंजिन मुकाट.

लेड म्हणजे शिसे. शिसे विष आहे ही गोष्ट १९२१ साली नवी नव्हती. छापखान्यातले जुळारी, रंगारी आणि भट्टीवाले ती पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अंगावर वाचत आले होते. आणि हे शिसे तर साध्या शिशाहून वाईट. ते कातडीतून आत शिरते, श्वासातून शिरते आणि मेंदूवर चढते. यावर कोणी म्हणेल, दुसरा उपाय नव्हता, म्हणून नाइलाज झाला असेल. परंतु दुसरा उपाय होता, आणि तो मिज्लीला स्वतःला माहीत होता. तो उपाय म्हणजे अल्कोहोल. मका, ऊस, बटाटा, कशापासूनही काढता येणारे अल्कोहोल पेट्रोलात मिसळले की ठोके थांबतात, हे त्यानेच प्रयोगाने दाखवले होते. मग ते मागे का पडले? त्याची कारणे होती. अल्कोहोल शेकड्यात दहावीस भाग घालावे लागे, शिशाचे काही थेंब भागत. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. पण आमच्या मते सर्वांत मोठे कारण सरळ आहे. जे शेकडो वर्षे भट्टीत निघत आले त्यावर कोणा एकाला हक्क सांगता येत नाही; नव्या शिसेमिश्रणाचा हक्क कागदावर आपल्या नावे करून घेता येतो. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे त्यात नफा होता.

१९२३ च्या फेब्रुवारीत डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याला नाव दिले 'एथिल'. नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑईल या दोन कंपन्यांनी मिळून एथिल गॅसोलीन कॉर्पोरेशन उभे केले. द्रव तयार करण्याचे काम ड्यू पाँट कंपनीच्या डीपवॉटर येथील कारखान्यात चाले, आणि स्टँडर्डने बेवे येथल्या आपल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्वतःची वेगळी भट्टी लावली.

श्रोतेहो, यापुढचा भाग आम्ही कारखान्याच्या फाटकात उभे राहून सांगतो आहो असे समजावे.

डीपवॉटरच्या ज्या इमारतीत हे काम चाले, तिला तिथल्या कामगारांनी 'फुलपाखरांचे घर' असे नाव ठेवले होते. का? तर तिथे काम करणारी माणसे मधूनच थांबत आणि नसलेली पाखरे हाताने हाकलीत. बेवेच्या कामगारांनी त्या द्रवाचेच नाव 'वेड्यांचा गॅस' ठेवले होते. या खात्यात बदली झालेल्या माणसाची इतर लोक थट्टा करीत, त्याला अखेरचा निरोप देण्याचे सोंग करीत. म्हणजे पाहा! कोणत्याही डॉक्टरच्या अहवालाआधी, कोणत्याही समितीच्या बैठकीआधी, रोगाचे निदान झाले होते. ते कामगारांनी केले होते आणि आपल्या भाषेत नोंदवलेही होते. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. फक्त त्याचे कळणे कोणी हिशेबात धरत नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरअखेर बेवेच्या एका कामगाराला भास होऊ लागले. कोणीतरी अंगावर चालून येत आहे असे ओरडत तो धावू लागला. त्याला आवरून इस्पितळात नेले आणि तो मेला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पाच दिवसांत पाच माणसे गेली. त्या खात्यात काम करणाऱ्या ४९ जणांपैकी आणखी ३५ जण झटके, कंप आणि भ्रम यांनी आजारी पडले. कित्येकांना बांधून ठेवावे लागले. बातमीदार दारात आले, तेव्हा कारखान्याच्या एका अधिकाऱ्याने सांगितले, की ही माणसे बहुधा फार काम केल्यामुळे वेडी झाली असावीत. आम्ही तीस वर्षे व्यवस्थापनांशी वाटाघाटी केल्या आहेत. कामगार फार काम करतात, अशी कबुली आम्हांला एकदाही मिळालेली नाही. तिथे ती मिळाली, पण पाच माणसे मेल्यावर आणि तीही खोटी.

३० ऑक्टोबरला मिज्लीने वार्ताहरांना बोलावले. त्यांच्यासमोर त्याने तो द्रव हातावर ओतून घेतला आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर वास घेतला. यात धोका नाही, असे दाखवण्याचा हेतू होता. त्याच मिज्लीने आदल्या वर्षी शिशाच्या बाधेमुळे प्रयोगशाळा सोडून फ्लॉरिडाच्या उन्हात विश्रांती घेतली होती, ही गोष्ट त्याने त्या दिवशी सांगितली नाही. तरीही न्यूयॉर्क शहराने आणि इतर काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी या पेट्रोलावर बंदी घातली. डेटनला दोन माणसे आधीच मेली होती. डीपवॉटरच्या आठ मृत्यूंची आणि शेकडो आजाऱ्यांची हकीकत १९२५ साली वृत्तपत्रांत आली. तोवर ती बाहेर फुटलीच नव्हती.

अखेर अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याचे प्रमुख ह्यू कमिंग यांनी १९२५ च्या २० मेला वॉशिंग्टनला परिषद बोलावली. योगायोग पाहा, फोर्डची पहिली पिकअप बाजारात येऊन जेमतेम महिना झाला होता. परिषदेत एका बाजूस केटरिंग आणि कंपन्यांचे प्रतिनिधी होते. दुसऱ्या बाजूस येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन. ॲलिसबाई म्हणजे १९१९ साली हार्वर्डच्या अध्यापकवर्गात घेतलेली पहिली स्त्री. पण त्यांची खरी विद्या शिकागोच्या कामगारवस्तीत आणि शिशाच्या कारखान्यांत, घरोघर हिंडून मिळवलेली. त्या दोघांचे म्हणणे असे होते, की कारखान्यातला कामगार हा नुसता पहिला बळी आहे. हे शिसे गाडीच्या धुरातून रस्त्यावर पडेल आणि हळूहळू, कोणाच्या ध्यानातही न येता, साऱ्या शहराच्या अंगात भिनेल. स्टँडर्ड ऑईलच्या फ्रँक हॉवर्ड यांनी उलट सांगितले, की इंधनाची बचत करणारी ही ईश्वरी देणगीच दिसते. केवळ भीतीपायी ती टाकून देता येत नाही. त्यावर ग्रेस बर्नहॅम उठल्या. कामगार संघटनांच्या वर्गणीवर चालणाऱ्या 'वर्कर्स हेल्थ ब्यूरो'च्या त्या प्रतिनिधी. त्यांनी एवढेच विचारात आणून दिले, की जी माणसे मेली आणि जी दीडशेच्या आसपास जायबंदी झाली, त्यांच्यासाठी ही ईश्वराची देणगी नव्हती.

हे उत्तर आम्ही प्रथम वाचले तेव्हा वाचनालयाच्या बाकावरच पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. आमच्या जातीचे कोणीतरी त्या सभेत होते, आणि बोलले होते.

परिषदेने एक समिती नेमली. समितीने डेटन व सिनसिनाटी या गावांतली २५२ माणसे तपासली आणि १९२६ च्या जानेवारीत अहवाल दिला. नियम पाळून विक्री केल्यास बंदी घालण्यास आज सबळ कारण दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पण त्याच अहवालात असाही इशारा होता, की अनुभवाचा काळ थोडा आहे, वापर वाढला तर हळू चढणारी बाधा पुढे दिसू शकेल, यास्तव तपास चालू ठेवावा. श्रोतेहो, निष्कर्षाचा पूर्वार्ध लगेच अमलात आला. विक्री पुन्हा सुरू झाली. उत्तरार्धाचे काय झाले? पुढची सुमारे चाळीस वर्षे या विषयावरचे बहुतेक संशोधन सिनसिनाटीच्या डॉक्टर रॉबर्ट केहो यांच्या हाती राहिले, आणि त्याचा खर्च ज्यांचा माल होता त्या कंपन्याच देत होत्या. वादीनेच न्यायाधीशाचा पगार द्यावा, त्यातला प्रकार.

आपला आकडा जन्माला आला तो याच वेळी. कोणते पेट्रोल किती सोशिक, हे मोजायला सर्वमान्य माप नव्हते. एथिल कॉर्पोरेशनमधल्या ग्रॅहॅम एडगर यांनी १९२६ साली तोड काढली. त्यांनी दोन शुद्ध द्रव घेतले. एक आयसो-ऑक्टेन, तो फार सोशिक. त्याला धरले १००. दुसरा हेप्टेन, तो ताबडतोब ठोकणारा. त्याला धरले ०. जे पेट्रोल कसोटीच्या इंजिनात ९१ भाग पहिल्या आणि ९ भाग दुसऱ्या द्रवाच्या मिश्रणासारखे वागेल, ते ९१ ऑक्टेनचे. पेट्रोलात ऑक्टेन तितके असलेच पाहिजे असे नाही. वागणूक तशी पाहिजे. कसोटीसाठी एका सिलिंडरचे, दाब कमीजास्त करता येणारे इंजिन ठरवून दिले गेले. त्याच धर्तीच्या इंजिनावर आजही जगभर हे माप काढतात. माप मोठे सुंदर आहे, आणि त्याबद्दल एडगरांना श्रेय दिलेच पाहिजे.

माप मिळाले आणि शर्यत सुरू झाली. पेट्रोल सोशिक झाले म्हणून इंजिनवाल्यांनी दाब वाढवला. दाब वाढला म्हणून अधिक सोशिक पेट्रोल हवे झाले. शुद्धीकरणाची कलाही पुढे गेली. फ्रेंच इंजिनियर यूजीन हूद्री याची नवी पद्धत १९३७ पासून मोठ्या प्रमाणावर चालू झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या लढाऊ विमानांना शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले, त्याचा त्यांना मोठा आधार झाला. युद्ध संपल्यावर हेच वेड रस्त्यावर आले आणि जितका आकडा मोठा तितकी गाडी खानदानी, अशी समजूत जाहिरातींनी रुजवली. ती आजही आमच्या त्या तरुणाच्या डोक्यात आहे.

या शर्यतीला खीळ बसली ती एका अनपेक्षित माणसामुळे. क्लेअर पॅटरसन हा पृथ्वीचे वय मोजणारा शास्त्रज्ञ. शिशाच्या अणूंवरून त्याने ते सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. पण मोजताना एक अडचण सारखी येई. प्रयोगशाळेतल्या धुळीत, पाण्यात, माणसाच्या केसांत, जिकडे तिकडे शिसे! हे आले कोठून, याचा शोध घेत तो १९६५ साली जाहीरपणे म्हणाला, की माणसाने आपल्या अंगातले शिसे निसर्गाच्या मानाने कितीतरी पटींनी वाढवून ठेवले आहे. ग्रीनलंडच्या बर्फाच्या जुन्या व नव्या थरांनी तीच साक्ष दिली. पुढे १९७९ साली हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, त्या मुलांची बुद्धी व लक्ष कमी भरले. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलातले शिसे सुमारे निम्म्याने घटले, तर लोकांच्या रक्तातले सरासरी शिसे सदतीस टक्क्यांनी उतरले. हॅमिल्टन आणि हेंडरसन यांनी १९२५ साली जे सांगितले, ते असे अर्ध्या शतकानंतर रक्तात मोजून मिळाले.

तरी शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले, त्याला निमित्त झाले एक यंत्रच. १९७५ पासून अमेरिकेच्या मोटारींत धूर शुद्ध करणारे जे नळकांडे बसू लागले, त्यातले प्लॅटिनम शिशाने निकामी होई. कामगाराच्या आणि मुलाच्या मेंदूने जे काम पन्नास वर्षांत झाले नाही, त्याला त्या नळकांड्याने मोठा धक्का दिला. मोटारींच्या पेट्रोलातले शिसे जगातून पूर्णपणे गेले ते २०२१ साली. अल्जीरिया हा शेवटचा देश. लहान पिस्टन विमानांच्या इंधनात ते अजूनही सापडते.

आता आपल्याकडे वळू. स्टँडर्डच्या त्याच घराण्यातली, न्यू जर्सीच्या कंपनीचा अर्धा वाटा असलेली स्टँडर्ड-व्हॅक्यूम कंपनी मुंबईला आली आणि १९५४ साली ट्रॉम्ब्याला तिचा शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. शेजारी बर्मा-शेलचा आला. पुढे दोन्ही कारखाने राष्ट्राच्या मालकीचे झाले. आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशात. म्हणजे आम्ही गॅरेजात होतो तेव्हा आमच्या हातांवरून जे वाहत होते, ते शिशाचे पेट्रोल.

त्या गॅरेजाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. सगळी गॅरेजे तशीच होती. सुटे भाग पेट्रोलने धूत. टाकीतले पेट्रोल काढावयाचे तर रबरी नळीचे एक टोक तोंडात धरून ओढावयाचे आणि घोट आला की थुंकावयाचे. हे काम पोरांकडे असे, आणि आम्ही तेव्हा पोर होतो. आमचे उस्ताद प्रेमळ होते. घोट पोटात गेला तर स्वतःच्या पैशाने दूध पाजीत. त्यांचे हात उतारवयात कापत असत; आम्ही समजत होतो, वय झाले. ते शिशामुळे कापत होते असे आम्ही म्हणणार नाही, कारण तसे म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाही. पण पुरावा का नाही? त्यांच्या रक्तातले शिसे कोणी कधी मोजलेच नाही. आमचेही मोजले नाही. मोजलेच नाही म्हणजे घडलेच नाही, या हिशेबाविरुद्ध आम्ही पुढे जन्मभर भांडलो. त्याचे मूळ त्या नळीत आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

आज शिशाच्या जागी काय आले? शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या पद्धती आल्या, आणि जे १९२१ साली बाजूला सारले होते ते अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, परत आले. ते आपल्या महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांतून निघते आणि आज पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. त्याचा ऑक्टेन शंभरावर आहे. पण म्हणून त्याला डोक्यावर घेऊन नाचू नये. लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे गाडी थोडी कमी पळते. जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याला टिकतात की नाही हे पाहावे लागते. आणि ऊस पाणी किती पितो हे मराठवाड्याला विचारावे. नवा उपाय आला की त्याचे बिल कोणाच्या नावे फाटते आहे, हे या वेळी तरी आधी पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आता त्या तरुणाचे उत्तर. आम्ही त्याला सांगितले : बाबा, गाडीबरोबर आलेले पुस्तक उघड. त्यात जो आकडा लिहिला आहे तो टाक. इंजिनाचा दाब बनवणाऱ्याने ठरवलेला आहे. तुझ्या पैशाने तो वाढत नाही. ९१ वर चालणाऱ्या इंजिनात शंभराचे ओतलेस, तर जास्त ओझे ओढले जाणार नाही. फक्त खिसा हलका होईल. पण पुस्तकात ९५ लिहिले असेल, तर ९१ टाकून चार पैसे वाचवू नकोस. नवी इंजिने ठोके ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतात, म्हणून आवाज येत नाही. पण ओढ आणि सरासरी, दोन्ही उतरतात. परदेशी छापाच्या पुस्तकात ८७ दिसले तर घाबरू नकोस. अमेरिकेत दोन कसोट्यांची सरासरी पंपावर लिहितात, आपण त्यांतली एकच लिहितो. तिकडचे ८७ म्हणजे इकडचे सुमारे ९१. डिझेलच्या पिकअपला हा आकडा लागूच नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : खंबाटकीच्या चढावर, भर उन्हात, हौद्यात माल भरलेला असताना वरच्या गिअरमध्ये गाडी रेटू नकोस. ठोके पेट्रोलापेक्षा अशा हट्टाने जास्त बसतात. गिअर उतरव. ठोके ऐकू येऊ लागले, तर मेस्त्रीला टायमिंग आणि हेडमधला कार्बन पाहावयास सांग.

तो समाधानाने गेला. जाताना त्याने विचारले, "मग पंपावरच्या त्या मुलाला मास्क का नसतो, अण्णा? दिवसभर वाफ त्याच्याच नाकात जाते." पेट्रोलात आज शिसे नाही, पण बेंझीन आहे, आणि तेही निरुपद्रवी नव्हे. आमच्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही हा विषय घेतला आहे. पंपावर काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा व्हावी आणि तिचा कागद त्यांच्या हाती मिळावा, अशी मागणी आहे. या गावात सहा पंप आहेत. आपण सारे तिथे जाता. पुढच्या वेळी जाल, तेव्हा आकडा पाहून झाला, की नळी धरणाऱ्याकडेही पाहावे आणि त्याची तपासणी कधी झाली ते विचारावे. दहा जणांनी विचारले, तर आमचे अर्धे काम होईल.